सांभाळणारं कोणी नाही

आमचं विणयंत्र जगात कोणीच वापरत नाही, असं एका माणसाने लिहिलेलं मी वाचलं, तेव्हा मी त्याच यंत्रासमोर बसले होते. यंत्र चालू होतं. एका गवंड्याच्या उजव्या पायाचा मोजा निम्मा विणून झाला होता. मी पडद्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून जो शब्द गेला तो ऐकून शेजारच्या खोलीतले मालक चष्मा कपाळावर चढवून दारात आले.

"काय झालं, बाई?"

"आपण मेलोय," मी म्हटलं. "कागदोपत्री."

नीट सांगते. मी बावीस वर्षं एकाच कारखान्यात मोजे विणते. कारखाना हा मालकांचा शब्द. दोन खोल्या, एक अरुंद जिना आणि लोकरीची पोती ठेवायला पोटमाळा, एवढाच त्याचा पसारा. आमचे मोजे दुकानात मिळत नाहीत. ज्यांचा पाय कापावा लागला आहे, ते उरलेल्या पायावर आमचा मोजा चढवतात आणि त्यावर कृत्रिम पाय बसवतात. मोजा मापाचा हवा आणि बिनशिवणीचा हवा. जराशी शिवण टोचली तरी संध्याकाळपर्यंत जखम होते आणि माणूस आठवडाभर अंथरुणाला खिळतो. तयार मोजे बाजारात तीन मापांत मिळतात. माणसांचे पाय तीन मापांत कापले जात नाहीत.

यंत्र एकोणतीस वर्षांचं आहे. बनवणारी कंपनी सतरा वर्षांपूर्वी बंद पडली, यंत्र नाही पडलं. कॉम्प्युटर त्याच्याशी एका जुन्या कार्डामार्फत बोलतो, आणि त्या कार्डाशी कसं बोलायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा कोडचा एक तुकडा असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात. हा तुकडा आमच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्येच येतो. ही सिस्टीम कुठल्या कंपनीची नाही. जगभरातली माणसं ती मिळून लिहितात. तिचा सगळा कोड उघडा असतो, कोणीही वाचावा, कोणीही सुधारून पाठवावा. पाठवायचा ईमेलने, सगळ्यांसमोर. त्याची चिरफाडही सगळ्यांसमोरच होते.

आम्हाला मापं पाठवणाऱ्या रुग्णालयाने कळवलं होतं, की वर्षअखेरपासून जुनी सिस्टीम असलेल्या कॉम्प्युटरला आम्ही मापं पाठवणार नाही, नवी आवृत्ती टाका. त्यांचंही चूक नव्हतं. पेशंटची माहिती असते, जुन्या सिस्टीमची दुरुस्ती कोणी करत नाही, काही गळालं तर निस्तरणार कोण? म्हणून नव्या आवृत्तीत आमचं कार्ड चालेल ना, हे पाहायला मी त्या मंडळींचा पत्रव्यवहार उघडला. तर तिथे हे.

'या कार्डाचा ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीतून काढून टाकत आहे. वापरणारं कोणी आढळत नाही. सांभाळणारं कोणी नाही. हरकत असल्यास सहा आठवड्यांत कळवावी.'

पत्र नऊ दिवसांपूर्वीचं होतं. सिस्टीमच्या कुठल्या भागाची काळजी कोण घेतं याची त्यांच्याकडे एक मोठी यादी असते. आमच्या कार्डासमोर माणसाचं नाव नव्हतं. तिथे एकच शब्द होता: अनाथ.

मला राग आला. नुसता आला नाही, चढला. मी धाकट्या भावाला फोन लावला. तो एका मोठ्या कंपनीत हेच काम करतो, निदान घरात आम्हाला तसं सांगतो.

"ताई, त्यांचं बरोबर आहे गं," तो म्हणाला. "जुना कोड म्हणजे अडगळ. कोणीतरी साफ करणारच."

"अडगळीवर मी रोज आठ तास बसते."

"मग एक काम कर. लिही त्यांना, की अपंग लोकांचे मोजे होतात यावर. पाय नसलेली माणसं आहेत, नवं यंत्र मिळत नाही. दोन ओळी लिही, विरघळतील सगळे."

"ते मी लिहिणार नाही."

"का?"

"कारण यंत्र चालतं. कोणी वापरत नाही म्हणून काढताय ना? मी वापरते. विषय संपला. त्यांनी माझी कीव करून ठेवलेला ड्रायव्हर मला नको."

तो हसला. लहानपणापासून तो असाच हसतो, मोठ्या माणसाने लहान मुलाला हसावं तसं. मी त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठी आहे. "ताई, त्या गटात तोंड उघडायला आम्हीसुद्धा घाबरतो. तुझं काम नाही ते."

झालं. 'तुझं काम नाही' हे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नये, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तोच एक विसरतो.

त्याच दुपारी मी पत्र लिहिलं. ते पोचलंच नाही. माझ्या ईमेलखाली कारखान्याचं रंगीत बोधचिन्ह होतं, अक्षरं तिरपी होती, आणि त्या गटाचा दारवान असली नटवी पत्रं परस्पर परत पाठवतो. साधी अक्षरं, बाकी काही नाही. मला ते आवडलं, खोटं कशाला सांगू? मी नट्टापट्टा काढला आणि पुन्हा पाठवलं. 'हे कार्ड मी वापरते. रोज. कृपया काढू नये.'

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. काढून टाकायचं पत्र ज्याने लिहिलं होतं, त्याचंच. सिस्टीमच्या त्या सगळ्या विभागाचा तो मुख्य आहे. मी त्याचं नाव तिथल्या तिथे खडूस ठेवलं, आणि मालकही त्याला खडूसच म्हणू लागले. खडूसने लिहिलं होतं:

'या ड्रायव्हरमध्ये सहा वर्षांपूर्वी एक चूक शिरली आहे. तेव्हापासून तो सुरूच होऊ शकत नाही. सहा वर्षांत एकाही माणसाची तक्रार नाही. याचा अर्थ सहा वर्षांत तो कोणीही वापरलेला नाही. आपला काही गैरसमज होत आहे.'

खाली त्याने त्या वर्षीच्या ढीगभर बदलांमधल्या कोडच्या ओळी देऊन ते सिद्धही केलं होतं. मी तीनदा वाचलं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. या माणसाने मी नाहीच हे मुद्देसूद दाखवून दिलं होतं.

आणि खरी गोष्ट अशी, की तो सुरू होत नव्हताच. पहिल्यांदा. रोज सकाळी मी सुरू करायचे, पडद्यावर लाल अक्षरांत 'यंत्र उत्तर देत नाही' असं यायचं, मी पुन्हा सुरू करायचे, आणि मग चालायचं. मालक त्याला यंत्राची जांभई म्हणायचे. जांभईची तक्रार कोण कोणाकडे करतं?

मी उत्तर लिहिलं. 'आपलं बरोबर आहे. तो सुरू होत नाही. म्हणून आम्ही दोनदा सुरू करतो. सहा वर्षं. रविवार सोडून.'

या पत्रावर एकदम गर्दी झाली. कोणी हसलं, कोणी विश्वास ठेवेना. एकाने विचारलं, की सहा वर्षं रोज सकाळी डोळ्यांसमोर चूक दिसते आणि तुम्ही कोणाला कळवत नाही? कमाल आहे.

ते मात्र लागलं. कारण ते खरं होतं. कळवायचं कुठे हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकले असते, पण मी शोधलंही नव्हतं. चालतंय ना, मग कशाला? असं म्हणत मी सहा वर्षं गप्प बसले, आणि तिकडे माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी मी नाही असा लावला. मला लाज वाटली. राग होताच, त्यात लाज मिसळली, आणि दोन्ही मिळून मला झोपेतसुद्धा स्वस्थ पडू देईनात.

खडूसचं पुढचं पत्र दोन ओळींचं होतं. 'यंत्र तुमच्याकडे आहे, आमच्याकडे नाही. म्हणजे चूक दुरुस्त करू शकेल अशी व्यक्ती तुम्हीच. मुदत चार आठवडे.'

भाऊ म्हणाला, "हे सभ्य भाषेत चालते व्हा असं म्हणणं असतं."

"मला सभ्य भाषा कळत नाही," मी म्हटलं.

नव्याने येणाऱ्यांसाठी त्या मंडळींनी एक लांबलचक पान लिहून ठेवलं आहे. आधी महिनाभर नुसतं वाचा, मग लहानसं काहीतरी सुधारा, कुठल्या वर्णनातलं वाक्य वगैरे. उघड्या कोडपासून चालती सिस्टीम स्वतःच्या हाताने जुळवून पाहा. उत्तर लिहिताना समोरच्याच्या ओळीखाली लिहा, वर लिहू नका. सोबत फाइल जोडू नका, बदल पत्रातच लिहा. एका पत्रात एकच बदल. मला महिनाभर वाचायला महिना नव्हता, म्हणून रोज कारखान्यात एक तास लवकर जाऊन आणि जेवणाच्या सुट्टीत मी ते पान पाठ केलं. सिस्टीम पहिल्यांदा जुळवायला कॉम्प्युटरला सकाळपासून संध्याकाळपर्यंत लागलं, आणि संध्याकाळी कळलं की एक खूण करायची राहिली, आमचा ड्रायव्हर त्यात आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यापासून. मालक दर तासाला येऊन विचारायचे, "शिजलं का?" तिसऱ्या वेळी मी त्यांना बाहेर काढलं.

कोड मला अगदीच परका नव्हता. मोजा कुठे फुगायचा, कुठे आवळायचा, कुठल्या ओळीत किती टाके कमी करायचे, हे यंत्राला ओळीओळीने लिहून द्यावं लागतं. बावीस वर्षं मी तेच लिहिते आहे. इथे भाषा वेगळी, पण 'हे झालं नाही तर ते कर' हे सगळीकडे सारखंच. अकराव्या दिवशी मला ती जागा सापडली. यंत्राला जागं केल्यावर पूर्वी ड्रायव्हर पाच सेकंद थांबायचा. सहा वर्षांपूर्वी कोणा टापटिपीच्या माणसाने ते अर्ध्या सेकंदावर आणलं होतं, आणि कारण लिहिलं होतं: 'कोणत्याही यंत्राला एवढा वेळ लागत नाही.'

मी मोठ्याने हसले. मग रडायला आलं. यंत्र जागं झालं की सुयांवरून फिरणारी गाडी आधी डावीकडच्या टोकाला जाते. आम्ही म्हणतो, गाडी घरी गेली. घरी पोचून ठोका वाजल्याशिवाय कार्ड कोणाला उत्तर देत नाही. अर्ध्या सेकंदात ती निम्म्या वाटेवरही नसते. ड्रायव्हर कंटाळून निघून जातो, गाडी मात्र सावकाश घरी पोचते, आणि दुसऱ्यांदा हाक मारली की लगेच 'ओ' देते. एवढंच ते होतं! हे मला रोज सकाळी कानाने ऐकू येत होतं, आणि ज्याला ऐकू येत नव्हतं त्याने ते ठरवलं होतं.

त्या रविवारी भाऊ घरी आला. मी त्याला सगळं दाखवलं. त्याने माझ्या हातातून कीबोर्ड घेतला आणि पंधरा मिनिटांत दुरुस्ती लिहून टाकली. सुरेख लिहिली, मी नाही म्हणत नाही.

"आता हे माझ्या नावाने पाठवतो," तो म्हणाला. "कंपनीचा पत्ता दिसला की लगेच घेतील. तुझ्या नावाने गेलं तर महिनाभर घोळ घालतील आणि मुदत संपेल."

प्रत्येक दुरुस्तीखाली सही करावी लागते. हे मी केलं आहे, ते देण्याचा मला हक्क आहे, मी जबाबदार, अशा अर्थाची एक ओळ आणि पूर्ण नाव.

"गाडी घरी गेल्याचा ठोका तू ऐकलायस कधी?" मी विचारलं.

"त्याचा काय संबंध?"

"मग सही कसली करतोस?"

"ताई, तुला यंत्र वाचवायचंय की मोठेपणा हवाय?"

हा प्रश्न त्याने बरोबर जागी मारला. दोन दिवसांपूर्वीच तो गवंडी नवी मापं द्यायला आला होता. दिवसभरात पाय आक्रसतो, म्हणून त्याला सकाळी एक थर लागतो आणि दुपारनंतर दोन. दुसरीकडचे मोजे घालून पाहिले होते त्याने. "बाई, त्या मोज्यात मी जमिनीवर उभा राहतो, पण शिडीवर नाही," तो म्हणाला होता, "आणि खाली उभ्या गवंड्याला कोण बोलावतं?" त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, आणि समोर भावाने लिहिलेली तयार दुरुस्ती होती. त्याच्या नावाने पाठवली असती तर कदाचित सोपं झालं असतं. मला मोठेपणा हवा होता का? थोडा हवा होता, हो. बावीस वर्षांत कोणी दिला नव्हता.

पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. "तू पाठवलीस तर त्यांना वाटेल, एका इंजिनिअरने जाता जाता जुनी चूक काढली," मी म्हटलं. "वापरणारं कोणी नाही, हे तसंच राहील. आणि पुढच्या वर्षी पुन्हा काढतील. ऊठ."

"काय?"

"माझ्या खुर्चीवरून ऊठ."

तो उठला. जेवला नाही, तणतणत गेला. आईने मला फोन करून दहा मिनिटं सुनावलं.

मी माझी दुरुस्ती माझ्या शब्दांत लिहून पाठवली. पुन्हा पाच सेकंद थांबा, बस. खडूसने ती परत केली. 'आंधळेपणाने थांबू नये. थोड्या थोड्या वेळाने विचारावं, आणि कमाल मर्यादा असावी. पाच हा आकडा कुठून आला? मोजला का?'

मोजला नव्हता. म्हणून मग मोजला. घड्याळ घेऊन आठवडाभर दर सकाळी, दर दुपारी. रुळांवर लोकरीचा भुगा नसेल तर गाडीला घरी जायला सव्वातीन सेकंद लागायचे. भुगा साचला की साडेचार. सोमवारी सकाळी, रविवारभर यंत्र गारठलेलं असताना आणि तेल घट्ट झालेलं असताना, जवळजवळ सात! म्हणजे जुने पाच सेकंदही पुरे नव्हते, आणि भावाच्या त्या सुरेख दुरुस्तीत मर्यादा पाचचीच होती. हे कळल्यावर मला झालेला आनंद काही फार थोर मनाचा नव्हता.

मी सगळे आकडे पत्रात लिहिले, भुग्यासकट आणि सोमवारसकट. सेकंदाच्या दर दहाव्या हिश्श्याला विचारायचं, मर्यादा दहा सेकंद. दुसरी खेप परत आली, ओळींच्या आधीची मोकळी जागा त्यांच्या रीतीची नव्हती म्हणून. तिसरी परत आली, कारण 'काय केलं' हे मी लिहिलं होतं आणि 'का केलं' हे लिहायचं राहिलं होतं. आता सांगते, तोवर माझ्या लक्षात आलं होतं की खडूस माझ्यावर खार खाऊन नव्हता. त्या आठवड्यात त्याने आणखी अकरा जणांची पत्रं परत पाठवली होती, त्यात दोन मोठमोठ्या कंपन्यांचे होते. माझ्याशी तो जसा तुसडा होता तसाच सगळ्यांशी. मला कोणी इतक्या समान वागणुकीने आयुष्यात पहिल्यांदाच छळत होतं.

चौथी खेप गुरुवारी गेली. शुक्रवारी सकाळी उत्तर आलं. 'घेतलं.'

मी खुर्चीवरून उठून पोटमाळ्यावर गेले, लोकरीच्या पोत्यांवर बसले आणि रडले. मालकांनी बाहेरून गोड आणलं. आईला फोन केला, तिला काही कळलं नाही, पण ती म्हणाली, "शाबास." भावाला मुद्दाम केला नाही.

दुपारी खडूसचं दुसरं पत्र आलं.

'दुरुस्ती चांगली आहे, चालू आवृत्तीत जाईल. मात्र ड्रायव्हर काढण्याचा निर्णय कायम आहे. ज्या कोडला सांभाळणारं कोणी नाही तो एकदा दुरुस्त झाला म्हणून टिकत नाही. सोमवारी काढत आहे.'

मालकांनी मिठाईचा पुडा मिटून ठेवला. ते म्हणाले, "बाई, तुम्ही केलंत तेवढं पुष्कळ केलंत. आता राहू दे." ते चांगुलपणाने बोलले, पण त्या चांगुलपणानेच मला पेटवलं. संध्याकाळी भावाने हे सगळं वाचून स्वतःहून फोन केला. या वेळी तो हसला नाही. "ताई, वाईट वाटतंय," तो म्हणाला. "पण निदान आता तरी सांग त्यांना मोजे कसले आहेत ते. तुझ्यासाठी नाही, त्या माणसांसाठी सांग."

"ती माणसं कोणापुढे हात पसरत नाहीत. मापं देतात आणि मोजा घेतात. त्यांचं गाऱ्हाणं मी कशाला गाऊ?"

"मग काय करणार?"

"त्यांना सांभाळणारं माणूस हवंय ना?"

"ताई, ते पद असतं. वर्षानुवर्षं काम केलेल्यांना देतात. तुझी एक दुरुस्ती गेलीये. एक. लोक हसतील."

"हसू दे."

शनिवारी सकाळी मी नवा बदल पाठवला. तो कोडमध्ये नव्हताच, त्या मोठ्या यादीत होता. दोनच ओळी. 'अनाथ' खोडलं, 'सांभाळला जातो' लिहिलं. आणि खालच्या रिकाम्या जागेत माझं पूर्ण नाव आणि कारखान्याचा पत्ता.

दोन तासांत खडूसचा प्रश्न आला. तो रागावलेला नव्हता, नेहमीसारखाच कोरडा होता. 'सांभाळणं म्हणजे एक पत्र नव्हे. दर आवृत्ती तपासावी लागते, लोकांच्या तक्रारींना उत्तर द्यावं लागतं, इतरांचे बदल पारखावे लागतात. वर्षानुवर्षं. आपण इथे येऊन पाच आठवडेही झालेले नाहीत. आपण टिकाल याची खात्री कशावरून?'

भाऊ म्हणाला होता तसं हसलं मात्र कोणी नाही. सगळे वाचत होते, एवढं नक्की. मी यंत्र बंद केलं, हात पुसले आणि त्याच्या ओळीखाली लिहायला लागले. हे पत्र मी एकदाच लिहिलं, खोडलं नाही.

'मी इथे येऊन पाच आठवडेही झाले नाहीत, हे खरं. या यंत्रापाशी येऊन बावीस वर्षं झाली. त्याचा पट्टा मी नऊ वेळा बदलला आहे. चारशे वीस सुयांपैकी पहिल्या दिवसापासूनची एकही आता उरलेली नाही, सगळ्या माझ्या हाताने बदललेल्या आहेत. बनवणारी कंपनी गेली, त्यानंतर त्याचे सुटे भाग मी लोहाराकडून घडवून घेतले. ते बिघडलं तर कोणाला विचारायचं, याचं उत्तर सतरा वर्षं मीच आहे. तुम्ही ज्या दिवशी अनाथ लिहिलंत, त्या दिवशीसुद्धा मीच होते, तुम्ही विचारलं नव्हतंत आणि मी सांगितलं नव्हतं. दोघांचीही चूक झाली. मी माझी सुधारली आहे. मला पद नको. मी सांभाळते आहेच. तुमच्या यादीत ते खोटं लिहिलं आहे, तेवढं खरं करा. नसेल करायचं तर सोमवारी काढा, मंगळवारी मी तो पुन्हा पाठवेन, आणि पुढच्या मंगळवारीही. रविवारी आमची सुट्टी असते.'

पाठवून टाकलं. मग मी यंत्राचे रूळ पुसत बसले, पुसायची गरज नसताना.

रविवारी काही नाही. सोमवारी सकाळी मी कारखान्यात पोचले तर मालक माझ्याआधी येऊन कॉम्प्युटरसमोर उभे होते, हात पाठीमागे बांधून, हात लावायची हिंमत न होऊन. मी पत्रं उघडली. ड्रायव्हर काढून टाकायच्या त्या पहिल्या पत्राखाली खडूसने लिहिलं होतं, 'मागे घेतो.' माझ्या पत्राखाली लिहिलं होतं, 'घेतलं.' मालक वाचत वाचत खुर्चीत बसले, माझ्याच खुर्चीत, आणि मी त्यांना उठवलं नाही.

तिसरं एक पत्र होतं. ते गटाला नव्हतं, मला एकटीला होतं. खडूसने पहिल्यांदाच काही विचारलं होतं ज्याचा कोडशी संबंध नव्हता. 'हा ड्रायव्हर बऱ्याच वर्षांपूर्वी मीच सिस्टीममध्ये घेतला होता. हे यंत्र मी कधी पाहिलेलं नाही. ते नेमकं काय विणतं?'

पाच आठवड्यांत हे कोणीच विचारलं नव्हतं. आता विचारलं होतं, सगळं ठरून गेल्यावर, आणि आता सांगायला माझी काहीच हरकत नव्हती. मी त्याच्या ओळीखाली लिहिलं:

'मोजे. जोडीने नाही, एकेकच.'

आणि पाठवून गवंड्याचा दुसरा थर विणायला घेतला.